सुट्या भागांचा कॉम्प्युटर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन्सिल धरली ती फुलं-पानं काढायला, अक्षरं काढायचं राहूनच गेलं. म्हणून हे कधी कुणाच्या हाती पडलंच तर चुका सोडून पुढं वाचावं, आणि एखादी ओळ लागलीच नाही तर ती मी लिहिलीच नव्हती असं समजावं. तसं कुणाला दाखवायला हे लिहीत नाही. दुपारी घरात कुणी नसतं, भांडी झाली की बसते. परवा जेवताना मुलगा आणि त्याचे पप्पा नव्या लॅपटॉपचं बोलत होते. एवढे पैसे टाकावे का, कमीतला चालेल का, मेमरी किती हवी. मी पोळ्या वाढत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही की एके काळी याच गोष्टीवर आमच्या घरात महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं. मेमरी म्हणजे काय हे मला मुलाच्या जन्माआधीपासून माहीत आहे.

तेव्हा आम्ही सुरतेला पांडेसऱ्यात एका खोलीत राहत होतो, मी आणि आबा. आई जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. आबा डाइंग मिलमध्ये रंगाच्या कुंडीवर होते. त्यांचे हात मनगटापर्यंत त्या दिवशीच्या रंगाचे असायचे, आणि घरी आले की ते कुठला रंग काढून आले हे मला दारातच कळायचं. राणी, मेहंदी, गाजरी, रामा. रामा म्हणजे हिरव्या आणि निळ्याच्या मधला, साडीच्या धंद्याबाहेर फार कुणी त्याला त्या नावानं ओळखत नाही. एक आठवडा त्यांची दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात ते दिवसभर झोपायचे आणि मी त्याच खोलीत आवाज न करता काम करायचे. डाळ घोटायची तरी पदराखाली पातेलं धरून. बाहेर लूमचा खडखडाट चालूच असायचा, त्यानं ते उठत नसत, पण चमचा पडला की उठायचे. बोलणं फार नव्हतं. आबा मुळातच कमी बोलायचे आणि मी त्यांच्यावर गेले आहे. आई होती तेव्हा तिघांचं बोलणं तीच बोलायची.

माझं काम खाक्याचं होतं. साडीवर हाताची जरी भरायची तर आधी कापडावर नक्षी उतरवावी लागते. त्यासाठी बटर पेपरवर नक्षी काढायची आणि प्रत्येक रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची. त्या कागदाला खाका म्हणतात. तो साडीवर ठेवून घासलेटात कालवलेली पांढरी पूड चोळली की खाली ठिपक्यांची वेल उमटते. मी काढायचे आणि टोचायचे. टोचायचा आवाज अगदी बारीक असतो, उंदीर कागद खातो तसा. आबा झोपलेले असताना तेवढा एकच आवाज खोलीत असायचा. दिवसचे दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. पाण्याच्या नळावरही मी बायका गेल्यावर जायचे. काम देणारे शेठ आठवड्यातून एकदा यायचे, दारातच उभे राहून कागद बघायचे आणि जायचे. ते मला बेन म्हणायचे, मी मान हलवायचे.

एकदा नवरात्राच्या आधी शेठ आले आणि दारात न थांबता आत येऊन बसले. तेव्हाच मला कळलं की काही बरं नाही. म्हणाले, "रत्नाबेन, हाथ तुम्हारा अच्छा छे. लेकिन पार्टी बोलती है, यही बुट्टा थोडा छोटा करो, पल्लूमें बडा करो. तुम दो दिन लगाती हो. कॉम्प्युटरवाला बटन दाबता है, हो गया." मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. ते पुढं म्हणाले की घरी कॉम्प्युटर घेतलास तर काम तुलाच देईन, कागदावर छापायचं माझं मी मोठ्या मशीनवर बघेन, तू फक्त नक्षी आत घालून दे. "स्कॅनर रखना साथ में. लाभपाचम तक टाइम." लाभपाचम म्हणजे दिवाळीनंतर सुरतेचा बाजार पुन्हा उघडतो तो दिवस. नवं काम त्या दिवशी नव्या माणसाला जातं किंवा जुन्याला राहतं.

आबांना मी हे त्यांच्या ताटात भाकरी ठेवताना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, कळण्याच्या भाकरीचा तुकडा तेलमिरचीत बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, "काम गये ते तुले गावले धाडी देसू. आठे एकली खोलीमा काय करशी?" रागानं म्हणाले नाहीत. हे ते आई गेल्यापासूनच मनात धरून होते. गावाला काका-काकू होते, त्यांच्या चार मुली होत्या, पाचवी मी झाले असते. माझ्या कामाचे पैसे येत होते म्हणून एवढे दिवस त्यांना तसं म्हणता येत नव्हतं. मी रात्री पडल्यापडल्या आमची खोली बघितली. फळीवरचे डबे, आईचा आरसा, खिळ्याला टांगलेला कंदील. या खोलीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, तरी मला ती सोडायची नव्हती.

सकाळी मी आबांना म्हटलं, कॉम्प्युटर घेऊन बघू. पैसे लीलामावशीनं उसने दिले. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी खानावळ चालवायची. आमच्याच तालुक्यातली, मोठ्या आवाजाची बाई. खानदेशातून एकटे आलेले मिलवाले तिच्याकडे दोन वेळ जेवायचे, आणि शेवभाजीचा काळ्या मसाल्याचा वास गल्लीत इतका भरलेला असायचा की आमचे वाळत घातलेले कपडेही त्या वासाचे व्हायचे. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि मी त्यांच्यामागं उभी राहिले. मावशी म्हणाली, "कंपूटर? तू घेस? तुले मोबाइलना हिरवा बटन कोनता तो समजत नही." आबा म्हणाले, "पोरीसाठे." तिनं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "हाई बोलस का कधी? का कंपूटरसारखी बटन दाबनं पडस?" जेवणारे हसले. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण तिनं पैसे दिले, आणि हप्ता दर महिन्याला पोरीनं स्वतः आणून द्यायचा, अशी अट घातली. आबांनी दिलेला घेणार नाही म्हणाली.

दुकान रिंग रोडच्या बाजूला, एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या माळ्यावर होतं. आबांनी स्वच्छ शर्ट घातला होता, पण हात त्या दिवशी मेहंदी रंगाचे होते. दुकानवाला पोट सुटलेला, बोलका माणूस. त्यानं दोन तऱ्हा सांगितल्या. एक कंपनीचा, नाव असलेला. दुसरा सुट्या भागांचा, आपल्या खिशाप्रमाणे जोडून घ्यायचा. "बजेट बोलो काका, उसमें बिठा देंगे." तो एकेक भाग काउंटरवर मांडत गेला. हा डब्बा, ही मेमरी, हा पडदा, आणि जे आज नको ते उद्या डब्बा उघडून खोचता येतं. त्याला वाटलं आम्हाला समजायला वेळ लागेल. पण पांडेसऱ्यातल्या माणसाला सुट्या भागांचं काय समजवायचं? साडी तशीच होते. कापड बमरोलीच्या लूमवर, रंग आमच्या मिलमध्ये, छपाई तिसरीकडे, लेस चौथ्या घरात, घडी आणि डबा पाचव्या. एकाच कुंडीतला माल दोन डब्यांत जातो, एक स्वस्त आणि एक नावाचा, हे आबांनी किती वेळा बघितलं होतं. ते लगेच म्हणाले, "नावना पैसा नही देवाना." दुकानवाला खूष झाला. इथपर्यंत आम्ही शहाण्यासारखे वागलो.

मग पडदा निवडायची वेळ आली. आबांनी शर्टाच्या खिशातून चिंध्या काढल्या. मिलमधून आणलेले कापडाचे तुकडे होते ते, प्रत्येक रंगाचा एक. त्यांनी एक मोठ्या पडद्याजवळ धरला आणि म्हणाले, "रामा दिखाव." दुकानवाल्यानं शोधून मोराचं चित्र लावलं. आबा वाकून बघत राहिले. "हाऊ रामा नही. हाऊ फिरोजी व्हई गया." दुसरा पडदा लावला. त्यात राणी रंग जांभळ्याकडे जात होता. दुकानवाला म्हणाला, "काका, कॉम्प्युटर लेना है के साडी?" आबा म्हणाले, "पैसा देना है तो रंग देखेंगे." एकेक पडदा चालू करायला लावला त्यांनी. शेवटी एक महागातला लावला, आणि आबांच्या हातातला तुकडा आणि काचेतला मोर यांच्यात फरक राहिला नाही. आबांचा चेहरा मी तसा फार कमी वेळा बघितला आहे. कुंडीवर इतकी वर्षं काढूनही त्यांना रंग ठरवायला कधी कुणी विचारलं नव्हतं, त्याला मास्तर वेगळा असतो, शिकलेला. त्या दुकानात ते मास्तर होते.

तो पडदा घ्यायचा तर दुसरीकडून पैसे काढायला हवे होते. दुकानवाल्यानं मेमरी अर्धी केली. तरी पुरेना. राहिला स्कॅनर. आबांनी विचारलं, हा काय करतो? कागदावरचं आत घेतो, म्हणाला. आबा माझ्याकडे वळले. "ते ते तुना हात बी करस, माय." मला ते पटलं. खरंच पटलं. माझा हात कुठलीही नक्षी बघून जशीच्या तशी उतरवत होता, मग त्यासाठी पैसे कशाला? स्कॅनर काउंटरवरून मागं सरकवला गेला. खाका नुसत्या काळ्या रेघांचा असतो, त्यात रंगाचा ठिपकाही नसतो, हे त्या क्षणी आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. आज मुलाला सांगितलं तर हसेल. मला मात्र अजूनही आबांच्या हातातल्या त्या चिंध्या दिसतात आणि हसू येत नाही.

कॉम्प्युटर आला तो आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसला. जोडून देणाऱ्या माणसानं चालू-बंद करायला आणि रेघ काढायला शिकवलं आणि गेला. सगळं इंग्रजीत होतं. मला ते शब्द वाचता येत नव्हते, म्हणून मी ते नक्षीसारखे लक्षात ठेवले. वरच्या ओळीत डावीकडून तिसरा, पोटात गोल असलेला, तो दाबला की काढलेलं पुसलं जातं. असं. पण सुई धरणाऱ्या हाताला माऊस म्हणजे साबणाची वडी. रेघ वाकडी जायची, पाकळी फाटायची. कागदावर तासाभरात काढते ते पान आत घालायला मला दोन दिवस लागले, आणि त्या पानाच्या शेजारी पानं वाढवत पल्लू भरायला गेले की पडदा थिजून जायचा. मेमरी अर्धी होती ना. मग बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, आणि जे ठेवून दिलं नव्हतं ते गेलेलं असायचं. आतला पंखा मात्र सतत घुंघुं करत राहायचा. मला भीती होती की आबांची झोप मोडेल, पण ते म्हणाले, झोप चांगली लागते, मिलसारखा वाटतो. मलाही तो आवाज हळूहळू बरा वाटू लागला. खोलीत दुसरं कुणी श्वास घेतंय असं वाटायचं.

लाभपाचमीला आबांनी सुट्टी टाकली. आम्ही दोघं शेठच्या ऑफिसात गेलो. माझ्याकडे एका सीडीत एक बुट्टा होता, सबंध दिवाळीत तेवढाच पुरा झाला होता. शेठनं तो बघितला. त्यांनी मिठाईचा डबा पुढं केला, आबांना चहा दिला, आणि म्हणाले, "बेन, बुट्टा सारो छे. पण एक बुट्टासे दुकान नहीं चलता." त्यांनी आधीच कुणाला तरी काम दिलं होतं. मी मिठाईचा तुकडा हातात धरून बसले. आबा मला घेऊन बसस्टॉपवर आले. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "येत्या आयतवारे गावले जाऊत." मी खिडकीकडे तोंड केलं. खाडीचा पूल आला, गेला.

शनिवारी माझी पिशवी भरलेली होती. हप्त्याचा दिवस होता, म्हणून आबा मला घेऊन लीलामावशीकडे गेले. तिला सांगायचं होतं की पोरगी गावाला चालली, यापुढं पैसे आबाच देतील. जेवणारे उठून गेले होते, मावशी ताटं पुसत होती. तिनं ऐकून घेतलं आणि ताट पुसायचं थांबली नाही. म्हणाली, "पैसा कोनले दिधा मी?"

आबा म्हणाले, "पोरीले."

"मंग पोर गावले कशी जाई? मना पैसा बुडाडतस का?"

"मी देसू ना, ताई."

"तुना हातना मी घेत नही, पहिलेच सांग व्हतं. पोर आठे राही, काम करी, पैसा देई. फिटतीन त्या दिन धाड तिले कोठे बी. काशीले धाड." मग माझ्याकडे बघून, "तू घर एकली बसस ना? दुपारे आठे येत जाय. ताटं पुसाले माले बी मानूस लागस."

आबा तिचं म्हणणं मानून उठले. ते खरंच पैशांना घाबरले असतील, किंवा त्यांनाही मला धाडायचं नसेल. मला ते कधी कळलं नाही, मी विचारलं नाही. घरी येऊन मी पिशवी रिकामी केली.

त्यानंतरचे दिवस काही फार बदलले असं नाही. शेठचं काम गेलंच. जुन्या पद्धतीचे दोनचार छोटे जरीवाले होते, ते हाताचे खाके घ्यायचे. पैसे कमी, पण यायचे. कॉम्प्युटरवर मी साडीचाच एक तुकडा पांघरून ठेवला होता. आबा दिवसपाळीहून आले की कधीकधी तो तुकडा काढायला सांगायचे. मी सगळ्या काचेवर एकच रंग भरून द्यायचे आणि आबा पाटावर बसून बघायचे. "थोडा पिवळा टाक. अजून. बस." तेवढंच आमचं बोलणं. असं बरेच महिने चाललं, आणि त्यातूनच पुढं बमरोलीच्या एका छपाईवाल्याचं काम मिळालं. एकच फूल सहा रंगांत करून द्यायचं, त्याला मॅचिंग म्हणतात. त्याला रेघ वाकडी गेली तरी चालायचं, रंग चुकलेला चालत नव्हता. रंग आबा सांगायचे, मी भरायचे. त्या पैशातून दुकानवाल्याकडून डब्बा उघडून उरलेली अर्धी मेमरी खोचून घेतली. स्कॅनर मात्र कधीच घेतला नाही. तो कॉम्प्युटर किमतीचा होता का, असं मला कुणी विचारलं तर आजही मला एका शब्दात सांगता येणार नाही. ज्यासाठी घेतला ते त्यानं केलं नाही, एवढं खरं.

हप्ता मात्र दर महिन्याला मीच द्यायचे. मावशी जेवणावळ उठल्यावर, दुपारच्या शांततेत घ्यायची. तेव्हा ती वेगळीच असायची. आवाज खाली आलेला, पाय पसरलेले. मला डाळ-बट्टीतली राहिलेली बट्टी तुपात चुरून द्यायची आणि बोलत राहायची. तिच्या गावचं, तिच्या मुलाचं, जो टेम्पो चालवायचा आणि घरी झोपायलाच यायचा. मी ताटं पुसत ऐकायचे. हळूहळू मीही एखादं वाक्य बोलायला लागले. इतक्या माणसांना वाढणारी ती बाई दुपारी माझ्याइतकीच एकटी असायची, हे मला फार उशिरा कळलं. पैसे फिटत आले तेव्हा एके दिवशी तिनं त्यातली पन्नासाची नोट मागं दिली. "राहू दे. पुढला महिनामा दे." पुढच्या महिन्यात मी पन्नास नेले, तेव्हा म्हणाली तेल आणून दे त्याचं, आणि तेल आणलं तर त्याचे पैसे माझ्या हातात कोंबले. पन्नास तसेच राहिले. असं वर्षाहून जास्त चाललं. आबा एकदा म्हणाले, अजून किती राहिले गं? मी म्हटलं, थोडे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गावाचं नावही काढलं नाही.

मग गल्ली रुंद करायचं निघालं आणि मावशीच्या मुलाला बदल्यात कोसाडला सरकारी घर मिळालं. तापीच्या पलीकडं, अमरोलीजवळ. पांडेसऱ्याहून तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि मी तेव्हा एकटी एकही बस चढले नव्हते. मावशी आठवडाभर सगळ्यांना सांगत होती की तिकडे नळ घरात आहे, संडास घरात आहे, खानावळ पुन्हा काढीन, तुम्ही सगळे या. पांडेसऱ्याचा मिलवाला जेवायला कोसाडला कसा जाईल हे तिलाही माहीत होतं.

निघायच्या दिवशी मी सकाळी गेले. मुलाच्या टेम्पोत पातेली, मोठा तवा, बाकडी, सगळं चढलं होतं. ती पुढच्या सीटवर चढायच्या तयारीत, पदर खोचलेला. मला बघून म्हणाली, "काय वं रत्नी, आज ते हप्ता नही." मी मुठीतली पन्नासाची नोट पुढं केली. मनात होतं की ती राहू दे म्हणेल. मग मी म्हणणार होते की आणून देईन, तिकडे, कोसाडला, बस विचारून येईन. एवढं वाक्य मी रात्री तयार केलं होतं. मावशीनं नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मुलानं हॉर्न वाजवला. तिनं नोट घेतली, कमरेच्या चंचीत घातली, चंचीची दोरी ओढली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "फिटी गया पैसा."